निरोगी मुलींची रांग

करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर माझ्या नातसुनेला बरेच महिने थकवा राहिला. जळगावच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि सांगितलं, विषाणू गेला तरी त्यानं अंगात केलेली मोडतोड इतक्यात भरून निघत नाही, विश्रांती घ्या, जबरदस्तीनं कामं करू नका. पाच मिनिटांत झालं. माझा नातू मान डोलावून औषधं आणायला गेला. घरी आल्यावर तो स्वतः दोरीवर कपडे वाळत घालू लागला, आणि मी देवघरापाशी बसून कुणाला कळणार नाही अशा बेतानं रडून घेतलं.

मला माझी नणंद सुनंदा आठवली होती. तिच्या बाबतीत एवढंच एक वाक्य कुणीतरी ठामपणे म्हणावं म्हणून आम्ही काय काय केलं होतं.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना फाट्यापासून आत आहे. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथं मी ते सगळं पुस्तकी मराठीत लिहिते आहे, पण काही वाक्यं तशीच कानात राहिली आहेत, ती तशीच लिहीन.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सुनंदा परकर नेसून चिंचा पाडत हिंडत होती. सासूबाई लवकर गेल्या. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला मांडे करायला मी शिकवले, आणि तिचं लग्नही तिच्या भावानं, म्हणजे माझ्या यजमानांनी, भिकाभाऊंनी, आणि मीच लावून दिलं. (मीही त्यांना सगळ्यांसारखं भिकाभाऊच म्हणायची, एकटं असतानाही. ते हसायचे.) सुनंदा उंच, हाडापेरानं मजबूत. कापूस वेचायला निघाली की तिची ओळ सगळ्यांच्या आधी बांधाला लागायची. शिरपूरला दिली होती. नवरा चुडामण सूतगिरणीत होता, सासरे पितांबर आबा गावात वजनदार माणूस. तिला एक मुलगी होती, वैजयंता. आम्ही वैजू म्हणायचो.

एकोणनव्वद सालच्या श्रावणात सुनंदा वैजूला घेऊन कानबाई देवीच्या सणासाठी माहेरी आली. कानबाई बसली म्हणजे सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, नैवेद्याचे रोट एकत्र खाल्ले जातात, रात्रभर गाणी होतात. त्या वर्षी विसर्जन झालं आणि गावात ताप शिरला. गळ्याला गाठी आल्या, सांधे धरले, उजेड सहन होईना. घरोघरी माणसं आडवी. लहान मुलं चार दिवसांत उठून खेळायला लागली, वैजूही उठली. बाकीचे पोळ्यापर्यंत सावरले. काहीजण मात्र सावरले नाहीत. सुनंदा त्यांतली.

ताप उतरल्यावर ती शिरपूरला गेली आणि तिथं तिचे खरे हाल सुरू झाले. भाकरी थापायला बसली की दोन भाकरींनंतर हात गळून परातीत पडायचे. केस विंचरायला हात वर केला की धाप लागायची. झोपून उठली तरी न झोपल्यासारखी. बरं, रोज तसंच असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण मधूनच एखादा दिवस तिला बरं वाटायचं. त्या दिवशी ती घाबरीघुबरी होऊन साठलेली सगळी कामं उपसायची, धुणं, शेणकूर, दळण, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिला पाण्याचा तांब्याही उचलवायचा नाही. बघणाऱ्याला दिसायचं ते इतकंच, की मनात येतं तेव्हा करते, नाहीतर करत नाही.

शिरपूरच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक निघालं. त्या ठीक निघण्यानंच तिचा घात केला. तिच्या सासूबाई सुगंधाबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, बघा, आमची खाटेवरची महाराणी. दिवाळी झाल्यावर चुडामण तिला आमच्याकडे घेऊन आला, चार दिवस आराम करू द्या म्हणाला, आणि वैजूची शाळा बुडते म्हणून वैजूला आणलंच नाही. ते चार दिवस संपले नाहीत.

मी आणि भिकाभाऊ दोनदा शिरपूरला गेलो. वैजूला थोडे दिवस पाठवा एवढंच मागणं होतं. पितांबर आबांनी चहा पाजला, खुशाली विचारली, आणि मग शांतपणे म्हणाले, "दुखनं शे तर त्याले नाव पाहिजे, भिकाभाऊ. नाव नही, मंग ते दुखनं कसानं?"

त्यांनी मुदत घातली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ते थांबणार होते. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बैठक बसेल. तोवर डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं तर ते सुनेला घेऊन जातील, तिच्या औषधाचंही बघतील. नाही सांगितलं तर फारकत. चुडामणचं दुसरं लग्न होईल आणि मुलगी त्यांची, त्यांच्या घरी राहील.

मी हे घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं विचारलं, "वैजूच्या अंगावर कोणता फ्रॉक होता?" मी म्हणाले, निळा. ती म्हणाली, तो तिला आता आखूड झाला असेल.

डॉक्टर बागूल आम्हाला भेटले ते याच दिवसांत. धुळ्याहून एक शिबिर गावात आलं होतं, त्यात ते होते. तरुण होते, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले, खेडं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. सुनंदाला त्यांनी तपासलं आणि बाकीच्या डॉक्टरांसारखं टॉनिक लिहून न देता ते खाटेजवळ स्टूल ओढून बसले. कामं केली की दुखणं लगेच वाढतं की दुसऱ्या दिवशी, असं त्यांनी विचारलं. आजवर कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. सुनंदा उठून बसली. दुसऱ्या दिवशी, म्हणाली. कधी तिसऱ्या दिवशी.

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. परदेशात अशी माणसं सापडली होती, ताप येऊन गेल्यावर वर्षानुवर्षं न सावरलेली. तिथल्या काही डॉक्टरांना संशय होता की हे एखाद्या विषाणूचं काम असावं. अजून पक्कं काही नव्हतं. पण आमच्या गावात एकाच वेळी ताप आला होता, काही बरे झाले होते, काही नाही, आणि म्हणून इथं शोध घेता येईल असं त्यांना वाटत होतं. ताप गेला तरी त्याची खूण रक्तात राहते. आजाऱ्यांचं रक्त घ्यायचं, बऱ्या झालेल्यांचंही घ्यायचं, आणि दोन्ही पुण्याला पाठवायचं. आजाऱ्यांच्या रक्तात ती खूण पुष्कळ जास्त निघाली तर मी ठामपणे लिहून देईन, म्हणाले.

भिकाभाऊंनी विचारलं, "आणि ते लिहून दिलं म्हणजे लोक असं तर नाही ना म्हणणार, की हे दुखणं लागतं?"

डॉक्टर म्हणाले, ताप होता तेव्हा लागत असेल, आता नाही. मी स्वतः शिरपूरच्या मंडळींना समजावीन.

त्या रात्री घरात किती महिन्यांनी कुणीतरी हसलं. सुनंदानं माझ्याकडून आरसा मागून घेतला.

माघात एका रविवारी शाळेत रक्त घेतलं. मी त्या दिवशी गावात नव्हते. वैजूच्या शाळेत संमेलन आहे असं कळलं होतं, निदान लांबून तिला बघावं आणि सुनंदाला येऊन सांगावं म्हणून मी शिरपूरला गेले होते. गावच्या शाळेत काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. डॉक्टरांनी ओट्यावर दोन रांगा केल्या होत्या. ज्यांना अजून थकवा आहे ते एका रांगेत, जे ठणठणीत बरे झाले ते दुसरीत. पारोळ्याच्या कारखान्यातून बर्फ आणला होता. गावाला तमाशाच झाला म्हणा ना. आजाऱ्यांच्या रांगेत म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी आणि आमची सुनंदा. निरोगी रांग मात्र अंगणापर्यंत गेली होती, आणि तिच्यात पुढं उभ्या होत्या गावातल्या लग्नाच्या मुली, नवी पातळं नेसून, आया पाठीशी.

त्याचं कारण डॉक्टरांना कळलं नाही. गावात मात्र कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरनं अख्ख्या गावातून निरोगी म्हणून निवडलेली मुलगी, हे सोयरिकीच्या बोलण्यात किती उपयोगी पडणार होतं. केसरबाईनं तर दुसऱ्याच आठवड्यात अमळनेरच्या पाहुण्यांना तेच सांगितलं. तिची लता सगळ्यांत पुढं होती.

केसरबाई आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा वारलेला, एकटीनं मुलगी वाढवलेली, जिभेला धार. लता रोज दुपारी आमच्याकडे यायची. सुनंदा पडल्या पडल्या क्रोशाचं विणकाम सुंदर करायची, ते शिकायला म्हणून लता आणि अजून तीन-चार मुली मागच्या खोलीत जमायच्या. मला त्याचं बरं वाटायचं, सुनंदाला सोबत होते. कधी मी पाणी द्यायला गेले तर मुली सुयादोरे बाजूला टाकून जमिनीवर ओळीनं पडलेल्या दिसायच्या. कुणी कुणाशी बोलत नसायचं. मी म्हणायची, काय गं, विणकाम शिकता की झोपा काढता. त्या हसून उठायच्या. अख्ख्या गावात दिवसाढवळ्या बाईमाणसानं आडवं होता येईल अशी तेवढी एकच खोली होती.

चैत्र संपत आला तेव्हा डॉक्टर निकाल घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मी समजले. ते पाणीही प्यायले नाहीत. आजाऱ्यांच्या रक्तात खूण जास्त निघाली होती. पण निरोगी रांगेतल्या कितीतरी मुलींच्या रक्तात ती तेवढीच निघाली होती. मग फरक राहिलाच कुठे. ते म्हणाले, या आधारावर मी काहीच लिहून देऊ शकत नाही. वरचे लोक आधीच हसत होते, आता हे काम बंद करा म्हणतील.

सुनंदानं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात आश्चर्य नव्हतं. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मागच्या खोलीत ओळीनं पडलेल्या त्या मुली आल्या.

मी डॉक्टरांना बाहेर अंगणात नेऊन सांगितलं, की निरोगी रांगेतल्या या मुली रोज दुपारी आमच्याकडे थकून आडव्या होतात. त्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, असं असेल तर सगळं उलटं होतं, फरक स्पष्ट निघतो. पण मी माझ्या मनानं या रांगेतलं नाव त्या रांगेत टाकू शकत नाही, ती लबाडी होईल. त्या मुलींनी स्वतः सांगायला हवं, मला त्यांना तपासू द्यायला हवं, आणि आईबापांनी सही द्यायला हवी. एका घरानं जरी पुढं होऊन सांगितलं तर बाकीचे येतील.

आखाजी तोंडावर आली होती. मी त्याच संध्याकाळी केसरबाईकडे गेले. ती कुरडया डब्यात भरत होती. मी फार गयावया केली. गुपचूप करू म्हटलं, डॉक्टर जीप आणणार नाहीत, रात्री येतील, लताचं नाव कुठं येणार नाही. वैजूचं सांगितलं. केसरबाईनं सगळं ऐकून घेतलं. लता चुलीपाशी बसली होती, तिनं मान वर केली नाही.

केसरबाई म्हणाली, "पोर थकस, माले दिखत नही का? मी माय शे तिनी. पन तुमनी सुनंदा परत येल शे, वहिनी. मनी पोर आजून गयेल बी नही."

मी म्हणाले, आणि तिकडे गेल्यावर तिचं सुनंदासारखंच झालं तर?

ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा. आखाजीला अमळनेरची माणसं येणार आहेत, झोक्यावर मुलगी बघून जाणार आहेत. मग कुरडयांचा डबा बाजूला सारून तिनं लताला मला हळदीकुंकू लावायला सांगितलं, म्हणजे आता मी उठावं.

घरी येऊन मी हे सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं नाही म्हणाली ते. लताच्या जागी मी असते तर मीही त्याच रांगेत उभी राहिले असते."

मला संताप आला. मी तिला बोलले, की तुला पोर नकोय का तुझी. मग मलाच लाज वाटली आणि मी तिचे पाय चेपत बसले.

आखाजीला गावात झाडाझाडाला झोके बांधतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि लग्नाच्या मुली झोक्यावर उभ्या राहून पायांनी जोर देत आभाळाला पाय लावतात. त्या दिवशी लता निंबाच्या झाडाखाली झोक्यावर उभी होती. अमळनेरची माणसं सतरंजीवर बसली होती. ती इतक्या उंच जात होती की बायका बघायला थांबल्या. मी तिच्या पोटऱ्या बघत होते. त्या थरथरत होत्या, पण तेवढ्या लांबून ते कुणाला दिसणार. झोक्यावरून उतरल्यावर ती हसत पाहुण्यांच्या पाया पडली, पाण्याला जाते म्हणून वळली, आणि आमच्या मागच्या दारानं येऊन सुनंदाच्या खाटेपाशी जमिनीवर कोसळली. सुनंदानं आपली उशी काढून तिच्या डोक्याखाली दिली.

पाहुण्यांनी संध्याकाळी साखरपुड्याचं पक्कं केलं.

लता गेल्यावर सुनंदानं मला हाक मारली. म्हणाली, "वहिनी, उद्याच्या बैठकीला मांडे मी करते."

मांडे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. पुरण भरलेला उंडा हातावर घ्यायचा आणि दोन्ही हातांवर फिरवत, झुलवत वाढवत न्यायचा, कोपरापर्यंत, रुमालाएवढा होईपर्यंत, आणि मग तो पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. त्याआधी कणीक तिंबून तिंबून रेशमासारखी करायची. चांगल्या धडधाकट बाईचे खांदे भरून येतात. सुनंदाला तर आठवडाभरापूर्वी वेणी घालवत नव्हती.

मी नको म्हणाले. भिकाभाऊ नको म्हणाले. ती म्हणाली, डॉक्टर काही सांगू शकत नाहीत, तुम्ही काही सांगू शकत नाही, मग उद्या त्यांना आपण काय दाखवणार आहोत?

बैठकीला शिरपूरची जीप सकाळीच आली. पितांबर आबा, सुगंधाबाई, चुडामण आणि भाऊबंदांपैकी दोघे-तिघे. वैजूलाही आणलं होतं, बहुधा शेवटचं आईला भेटवायला. ती जीपमधून उतरली आणि ओट्यावरच थबकली, अनोळखी घरात आल्यासारखी. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं केस विंचरले होते, हिरवी चोळी, कपाळाला मोठं कुंकू. तिनं वैजूला हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती स्वतःच तिथं खाली बसली असती. ती वळली आणि चुलीपाशी गेली.

डॉक्टर बागूलही आले होते. सिद्ध झालेलं नसलं तरी मला वाटतं ते बोलेन, असं त्यांनी भिकाभाऊंना कबूल केलं होतं. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले तेव्हा सुनंदाच्या हातांवर मांडा फिरत होता. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे थांबवा. याचं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

सुनंदानं मांडा खापरावर टाकला. तिच्या कपाळावरून घाम कुंकवात उतरत होता. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला सिद्ध करता आलं नाही. आता मला करू द्या."

मी उंडे भरून देत होते आणि ती एकामागून एक मांडे टाकत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मध्ये एकदा ती भिंतीला टेकली आणि डोळे मिटून उभी राहिली, मी हात पुढं केला तर मानेनंच नको म्हणाली. बाहेर पंगत बसली. आमरस, मांडे, कुरडया. पितांबर आबांनी पहिला घास घेतला आणि मान हलवली. सुनंदा स्वतः वाढायला बाहेर आली. सगळ्यांना वाढलं, आबांना आग्रह केला. वैजूच्या ताटाशी मात्र ती वाकली ती जरा जास्त वेळ वाकून राहिली.

आबांनी डॉक्टरांना विचारलं, "हात देखा हिना. हाऊ काय आजारी मानूसना हात शे?"

डॉक्टर म्हणाले, आबा, आजचं बघू नका. तीन दिवसांनी बघा. हाच या रोगाचा स्वभाव आहे. ते बरंच बोलले, तापाचं, रक्तातल्या खुणेचं, परदेशातल्या रोग्यांचं. पंगतीत कुणीतरी हसलं. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि सुनेकडे वळले. तूच सांग, म्हणाले. तुला रोग आहे का?

सगळे जेवायचे थांबले. डॉक्टर तिच्याकडे बघत होते. ती हो म्हणाली असती तर त्यांच्या शब्दाला निदान एका माणसाचा आधार राहिला असता.

सुनंदा म्हणाली, "मला काही झालेलं नाही. माहेरी रमले होते."

सुगंधाबाई म्हणाल्या, मी तर पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते. आबा हसले. पोरीचा रुसवा होता म्हणायचा, असं काहीतरी बोलून त्यांनी विषय मिटवला, आणि बैठक न बसताच संपली. दुपार कलायच्या आत त्यांनी तिला जीपमध्ये बसवलं. वैजू तिच्या मांडीवर होती. आता मात्र सुनंदानं तिला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. डॉक्टर निंबाखाली उभे राहून जीप जाईपर्यंत बघत होते. नंतर त्यांनी माझ्याकडून पाणी मागून घेतलं. म्हणाले, आता उद्या मी पुरावा घेऊन आलो तरी तिथं कुणी ऐकणार नाही. त्यांचं ते काम त्याच महिन्यात बंद झालं. पुढं त्यांची बदली कोकणात झाली.

आम्ही आठवडाभर कशीबशी कळ काढली. मग भिकाभाऊंनी गावातल्या बन्सीलालची जीप ठरवली आणि आम्ही तिला आणायला निघालो. वाटेत आमचं ठरलं होतं, की आता कशाची वाट बघायची नाही, फारकत तर फारकत. तापीचा पूल ओलांडताना भिकाभाऊ म्हणाले, जगली तर पुढं पोरीचं काहीतरी करता येईल.

सुगंधाबाईंनी आम्हाला दारातच ऐकवलं. पंगतीला मांडे घालणारी आता तांब्या उचलत नाही म्हणते. नाटकं. बापाच्या घरी अंग हलतं, इथं हलत नाही. चुडामण खाली मान घालून गिरणीत निघून गेला.

तिला मागच्या कोठीत ठेवलं होतं, धान्याच्या कोठ्यांमध्ये एक खाट. खिडकीला पोतं लावलं होतं, तिला उजेड सहन होत नव्हता म्हणून. ते कुणी लावलं असं मी विचारलं तर म्हणाली, वैजूनं. तिचा आवाज ऐकायला मला कान तिच्या ओठांशी न्यावा लागला. हात अंगाशेजारी पडले होते, तिला ते हलवता येत नव्हते. मी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि सांगितलं, उठू नकोस, आम्ही उचलून नेतो, जीप दारात आहे.

ती म्हणाली, "वहिनी, मला नेऊ नका."

भिकाभाऊ दाराशीच उभे होते. ते रडायला लागले. मी तिला पुन्हा सांगितलं, इथं मरशील. तिनं डोळे मिटले, शब्द गोळा केले. "रात्री ती माझ्याजवळ झोपते. दिवसा सासूबाई येऊ देत नाहीत, पण रात्री येते. तिथं आले तर तेही जाईल."

भिकाभाऊ आबांशी बोलायला ओसरीवर गेले. त्यांचे चढलेले आवाज, मग आबांचा एकट्याचा आवाज, मग काहीच नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले. थोड्या वेळानं दार जरासं उघडलं आणि वैजू आत आली. हातात पितळी फुलपात्र होतं, पाणी निम्मं वाटेत सांडलं होतं. तिनं ते आईच्या ओठाला लावलं. पाणी गालावरून उशीत गेलं आणि सुनंदाला ठसका लागला. वैजू घाबरून माझ्याकडे बघू लागली.

मी तिला जवळ घेतलं. तिला दाखवलं, मान अशी एका बाजूला करायची, खाली हात घालायचा, उचलायची नाही, नुसता आधार द्यायचा. मग कोनाड्यातल्या चमच्यानं, एका वेळी थोडंसंच, आणि गिळलेलं दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. ती ओठ चावून लक्ष देत होती. मी म्हणाले, आता तू कर.

तिनं केलं. पहिला चमचा सांडला. दुसरा सुनंदानं गिळला. वैजूनं तिच्या गळ्याकडे नीट बघून घेतलं आणि मग तिसरा भरला.

बाहेर भिकाभाऊ जीपमध्ये जाऊन बसले होते. मी चमचा वैजूच्याच हातात राहू दिला आणि उठले.